कानमास्तर

जामसंड्यात आमच्या मास्तरांसमोर स्टुलावर बसणाऱ्याला, मग तो पहिलीत नाव घालायला आणलेला पोरगा असो की नवा निवडून आलेला सरपंच, पहिलं वाक्य एकच ऐकू यायचं. "कान दाखय." नाव नंतर, गाव नंतर, किती कॉप्या हव्यात ते तर त्याहून नंतर. बायकांना डोक्यावरचा पदर मागे घ्यावा लागे, कॉलेजातल्या पोरांना झुलपं सारावी लागत, आणि टोपी काढायला तयार नसलेल्या एका निवृत्त सुभेदाराला मास्तरांनी फोटो न काढताच घरी पाठवलं होतं. त्यामुळे त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या वहीतच राहिलं आणि अख्ख्या तालुक्याने त्यांना कानमास्तर करून टाकलं.

कॉलेज संपल्यावर मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काम शिकलो. आमचं गाव आत, काजू आणि भाताचं. घरात कॅमेरा कुणी हातात धरलेला नाही. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, मास्तर, पासपोर्टचं ठीक आहे, पण लग्नाच्या फोटोतही कान कशाला? ते म्हणाले, "तोंड काय, कसलाय करता येता. कान तेवढे करूक येणत नाय." ते खरंच होतं. फोटोसाठी माणूस हसतो, छाती काढतो, साहेबाचा चेहरा करतो. कान बिचारे जिथल्या तिथे राहतात. एकदा एक बाई तान्हं मूल घेऊन आली होती, तिच्या मेलेल्या सासऱ्याचा जुना फोटो शोधायला. मास्तरांनी खोक्यातून निगेटिव्ह काढून उजेडासमोर धरली, बाईने बाळाचं टोपडं मागे केलं, आणि दोघेही कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर मी कानांची चेष्टा केली नाही.

स्टुडिओ म्हणजे काय, तर एक कौलारू खोली आणि छपरात एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. मास्तरांनी शेणाच्या जमिनीपासून शहाबादी फरशी येईपर्यंत त्याच्या खुणा खडूने करून ठेवल्या होत्या. नऊ वाजता स्टूल इथे, अकराला तिथे, तीनला पार कपाटाजवळ. गिऱ्हाईक स्टुलामागून फिरायचं. दिवे होते, पण ते लावायची वेळ आली की मास्तरांना तो स्वतःचा अपमान वाटे. "उजेड इकत घेवचो नसता रे," ते म्हणायचे, "उजेड जंय आसा थंय जावन बसाचा." मी तेव्हा बाविशीतला, मला ते कंजूषपणाचं तत्त्वज्ञान वाटायचं.

आणि पेन्सिल! सॅंडपेपरवर घासून सुईसारखं केलेलं टोक. निगेटिव्ह कलत्या काचेवर ठेवून ते देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीवरचे फोड असे काही बुजवत की माणसाला आपण बदललो हे कळूही नये. चेहरा तोच, फक्त बरी झोप झाल्यासारखा. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की देवाने घाईत सोडलेलं काम आपण निवांत बसून पुरं करतो, फक्त हे पाद्रीला सांगायचं नाही. कॉम्प्युटर आला, मोबाइल आले, स्टुडिओचं दार बंद झालं, तरी त्या पेन्सिलींचा डबा टेबलावर होता तिथेच होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो मात्र मास्तरांच्याच घरी. स्टुडिओच्या मागे त्यांच्या तीन खोल्या. भिंतीवर अल्तार, त्याशेजारी मास्तरांच्या आईवडिलांचे फोटो, दोघांचे मिळून चारही कान स्पष्ट. मुलीचा पहिल्या कम्युनियनचा फोटो. पण आन्नामाय, म्हणजे त्यांची बायको, भिंतीवर कुठेच नाही. लग्नाचा एक फोटो आहे, त्यात ती मान खाली घालून तोंडावर जाळी ओढून बसलेली, कुणीही बसली असती तरी चाललं असतं. कारण मला मास्तरांनीच एकदा सांगितलं. लग्नाआधी सड्याच्या माळावरून लाकडं आणताना करवंदीच्या जाळीत तिच्या कानातली रिंग अडकली, हिसडा बसला आणि डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटली. तेव्हापासून तो कान केसांखाली. मास्तरांनी लाख विनवण्या केल्या, पेन्सिलीने फट बुजवून देतो म्हणाले. तिने एका वाक्यात विषय संपवला होता: "नवऱ्यान बघल्यान तितक्या पुरे. कॅमेऱ्याक दाखवचंय नाय." तालुक्याला कान दाखवायला लावणारा माणूस घरात हरला होता, आणि पन्नास वर्षं गुमान हरलेला राहिला.

आता माझ्या खुळाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं घडलंच नसतं. मागच्या वर्षी माझ्या डोक्यात एक भिंग शिरलं. आम्ही फोटोवाले त्याला नुसतं 'पॉइंट नाइन फाइव्ह' म्हणतो. ते इतकं उघडतं की काळोख्या खोलीतही दिव्याशिवाय फोटो येतो, आणि ज्यावर रोखलं तेवढंच स्पष्ट, बाकी सगळं लोण्यासारखं वितळलेलं. देवगड-मालवणकडे लग्नं करणाऱ्या एका पोराने ते घेतलं आणि त्याचे फोटो बघून दोन ठरलेली गिऱ्हाइकं माझ्या हातून गेली. मी चाळिशीचा. मला वाटायला लागलं, हे भिंग नसेल तर आपलं दुकान उठलंच. किंमत माझ्या कॅमेऱ्याहून जास्त. बायको म्हणाली, घ्या की, फक्त पावसात आपली पडवी गळते तिथे तेच लावून ठेवा. सावंतवाडीच्या एका मित्राकडे वापरलेलं होतं. तो म्हणाला, आठ दिवस ने, नवव्या दिवशी एकतर पैसे आण, नाहीतर भिंग आण.

पहिले चार दिवस मी पिसाळल्यासारखे फोटो काढले. मुंबईच्या एका जोडप्याला तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत उभं केलं, ती दोघं बेहद्द खूश झाली. एका नवरीच्या घरी हळदीचे फोटो काढले, तिथे तिची आई कॅमेऱ्यात बघून म्हणाली, घराला नवा रंग लावला तो कुठे गेला? पाचव्या दिवशी दुपारी मी सगळं घेऊन मास्तरांकडे गेलो. निवाडा त्यांनीच करावा असं मनात होतं. खरं सांगायचं तर त्यांनी 'घे' म्हणावं असं मनात होतं.

घरात एव्हाना वेगळीच हवा होती. आन्नामाय दोन वर्षं अंथरुणावर, उजवी बाजू गेलेली. बोलणं सावकाश पण स्पष्ट. उजेड तिच्या डोळ्यांत खुपायचा, म्हणून ज्या माणसाने जन्मभर उजेडाच्या मागे स्टूल फिरवलं त्यानेच तिच्या खिडकीला गोणपाट लावलं होतं. डॉक्टरांनी मुलीला म्हापशाहून बोलावून घ्या म्हणून सांगितलेलं. पण हे मास्तर आपणहून बोलले नाहीत, मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. पुढच्या खोलीत टेबलावर मी लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा पुसला, आणि मी ज्या फोटोंवर जीव टाकला होता त्यांतली तोंडं सोडून ते कान शोधायला लागले.

"ह्येचो कान खंय गेलो?"

मी समजावलं, मास्तर, भिंग इतकं उघडं असलं की स्पष्टतेची पट्टी केसाएवढी बारीक होते. डोळा धरला की कान सुटतो. आजकाल लोकांना हेच आवडतं. त्यांनी पुढचा फोटो काढला, त्याच्या पुढचा काढला.

"कान पुसलंस, समुद्र पुसलंस," ते म्हणाले. "मगे त्यांका तोंडवलीक कित्याक न्हेलंस? हंयच बसवचे होते."

मला राग आला. मी काहीतरी उलट बोलणारच होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून आन्नामायची हाक आली. पार्टिशनपलीकडे ती सगळं ऐकत होती.

"बाबा, त्या भिंगान खराच कान दिसणा नाय?"

मी म्हटलं, नाही माय. डोळा धरला तर कान नुसता धुकं.

मग ती म्हणाली, "मगे माझो एक काढ."

मास्तर खुर्चीतून उठले ते टेबलाला धरून. पन्नास वर्षांत जे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं ते आज पार्टिशनमधून आलं होतं, तेही त्यांना नाही, मला. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. पण त्यांच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. ते फणी शोधायला लागले.

तिचे केस पांढरे आणि अगदी विरळ झाले होते, कान झाकायला उरलेच नव्हते. मास्तरांनी तिला उशीला टेकवून बसवलं, तेलाचं बोट लावून भांग पाडला, गळ्यातला क्रूस सरळ केला. ते खिडकीचं गोणपाट सारायला गेले तर मी नको म्हटलं, एवढा उजेड पुरे. फटींतून येणारा तेवढा जुजबी उजेड त्या भिंगाने खरंच पुरवून घेतला. मी तिचा उजवा डोळा धरला, सुटला, परत धरला. आणि सवयीने थांबलो. माझ्या पाठीमागून ते दोन शब्द यायचे होते. ते आल्याशिवाय त्या घरात कुणी कधी फोटो काढला नव्हता. मास्तर दाराची चौकट धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. मग मी बटण दाबलं.

मागच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा तिने आधी कान बघितला. तिथे पांढऱ्या केसांत मिसळलेला एक पुसट डाग होता, बस. मग तिने स्वतःकडे बघितलं.

"मी अशी दिसतंय?"

"अशीच दिसतंस गो," मास्तर म्हणाले. आणि पुढच्या खोलीत जाऊन उगाचच ते रिकामं स्टूल फडक्याने पुसत बसले. मी मुद्दाम आत रेंगाळलो.

त्यांनी दोन प्रती मागितल्या. एक मोठी, भिंतीसाठी. दुसरी हाताच्या पंजाएवढी, काळीपांढरी, आणि कागद चकचकीत नको, खरबरीत हवा. मला वाटलं, जुन्या माणसाची जुनी आवड. आठव्या दिवशी प्रती घेऊन गेलो आणि विचारलंच, मास्तर, घेऊ की नको?

ते म्हणाले, "एक फोटो काढूचो होतो, तो काढलंस. आता ज्येचा तेका दी."

सावंतवाडीपर्यंत सगळ्या रस्त्याने मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. ह्यांचं काय जातं सांगायला, ह्यांचं काम झालं! तरी भिंग परत केलं. त्या मोसमात आणखी एक लग्न हातचं गेलं हेही खरं, खोटं कशाला बोलू. पण बाकीची आली. नवरीच्या त्या आईने धाकटीच्या वेळी परत मलाच बोलावलं आणि रंगासकट घर घेणार ना, अशी आधी हमी घेतली. पडवीत गळत होतं तिथलं कौल काढून मी काचेचं बसवलं. खाली खडूच्या खुणा आहेत. बायको हसते, पण सारवताना त्या वाचवते.

आन्नामाय काजूच्या मोसमात गेली. तो मोठा फोटो शवपेटीजवळ ठेवला होता. बघणारे म्हणत होते, अगदी बोलते की काय असं वाटतं, आणि मास्तर प्रत्येकाला सांगत होते की आमच्या ह्याने काढला. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना म्हापशाला न्यायला आली. मी निरोप द्यायला गेलो. मोठा फोटो धोतराच्या फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवलेला. पेन्सिलींचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला तिथे लागेल. ते म्हणाले, नाही, शेवटचं काम झालं. मग त्यांनी खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्यातला तो छोटा फोटो माझ्यापुढे धरला.

चेहरा मी काढलेला तोच. पण जिथे पुसट डाग होता तिथे आता कान होता. सुईसारख्या पेन्सिलीने काढलेला, वरची वळी, आतली घडी, सगळं जिथल्या तिथे. आणि पाळी खालपर्यंत फाटलेली. ज्या हाताने जन्मभर तालुक्याचे व्रण बुजवले, त्याने ती फट एवढीही कमी केली नव्हती.

मी त्यांच्याकडे बघितलं. बहुतेक माझ्या डोळ्यांत प्रश्न असावा.

"भिंतीवरचो तिचो," मास्तर म्हणाले, "तिका होयो होतो तसो." आणि फोटो परत पुस्तकात ठेवला. "ह्यो माझो."