लाल रेघेची बाटली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण आता पोटात राहत नाही.

औशाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. प्रात्यक्षिक परीक्षेला लातूरहून परीक्षक यायचे असले, की बाटल्यांवरच्या डागाळलेल्या चिठ्ठ्या भिजवून काढायच्या आणि नव्या लावायच्या, ही आमची रीत. लिहायचो मी. माझं अक्षर चांगलं — त्याचा मला माजही होता. लावायला इंदूबाई, आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून कडक आम्लाच्या चिठ्ठीवर मी लाल रेघ मारायचो. रेघ दिसली की लांब राहायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

एक बाटली भिजवायची, तिचीच चिठ्ठी लावायची, मग दुसरी. पण त्या संध्याकाळी मला घाई होती. सगळ्या एकदम बादलीत टाकल्या. रंग-वासावरून मी ओळखत गेलो, इंदूबाई चिठ्ठ्या लावत गेल्या. त्या घरी गेल्यावर दोन उरल्या — दोन्ही सल्फ्युरिक आम्लाच्या, एक कडक, एक पाणी घालून पातळ केलेलं. दिसायला सारखंच. दोन्ही हातांत धरून पाहिल्या असत्या, तर वजनावरून कळलं असतं. पाहिल्या का? नाही. अंदाजानं चिठ्ठ्या लावल्या — मी, माझ्या हातानं.

सकाळी इंदूबाईंनी रेघ नसलेली बाटली घेतली आणि पातळ आम्ल पुरावं म्हणून नेहमीसारखं तिच्यात नळाचं पाणी घातलं. आत कडक आम्ल होतं; पाणी पडताच ते उसळून तोंडावर आलं. उजवा डोळा गेला.

प्राचार्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लिहिल्या मी. लावल्या इंदूबाईंनी."

अर्धं खरं होतं, म्हणून सहज निघालं? छे — नोकरी जाईल म्हणून भ्यालो होतो.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "सर, माझ्याच हातून उलटं लागलं असंल. तुमच्यावर काय आलं न्हाई ना?"

मी "नाही" म्हणालो. एवढंच म्हणालो.

पुढं त्यांचं काम सुटलं. आता कधी बाजारात भेटतात. डावा डोळा माझ्याकडे यावा म्हणून मान पूर्ण वळवतात, आणि सोबतच्या बाईला सांगतात — हे आमचे सर, माझ्या चुकीपायी यांना लई तरास झाला.

मी दर वेळी मान डोलावतो.