अक्काने थांबवलेले जहाज

भाच्याचा, माधवचा, फोन आला तेव्हा मी आबिड्सच्या पोस्टात रांगेत होतो. "मामा, आई झोपेतच गेली..." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो की मनात शोकाआधी तिचा उत्साहच धावत येतो.

सुलभाअक्का माझी थोरली बहीण. हैदराबादच्या मलकपेठेत वाढलेली ही मुलगी पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात जहाजांवरील मालाची तपासणी करणारी सर्व्हेअर झाली. घरी आली की जेवताना तोच विषय. तांदळाला दमटपणा सोसत नाही, म्हणून पोत्यांमधून हवेला वाट ठेवायची. पोलादी पत्र्याची गुंडाळी घरंगळते, म्हणून तिला लाकडी पाचर मारायची. "प्रत्येक मालाचा स्वभाव निराळा रे, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखा!" मी पडलो शाळामास्तर; मला ते तत्काळ पटे.

एका सुट्टीत मी तिच्याकडे गेलो असता एका जहाजात बारीक लोहखनिज भरणे चालू होते. येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. असे खनिज आतून ओले असले तरी कोरड्या मातीसारखे दिसू शकते. समुद्रात हादरे बसू लागले की तेच चिखलासारखे वाहते, एका अंगाला सरकते आणि जहाज कलंडते. वर कठड्याशी वाकून खलाशी गप्पा मारत होते.

अक्काने पत्र्याचा छोटा डबा खनिजाने अर्धा भरला आणि धक्क्याच्या दगडावर आपटायला सुरुवात केली. ठक... ठक... माल पाठवणाऱ्यांचा एजंट आमच्याच हैदराबादचा. तो वैतागला. "मॅडम, मिट्टीच तो है! इत्ता कैकू डरते?"

"हौ, मिट्टीच है. तो तुमीच बैठो उसके ऊपर, जाव समंदर पार!"

"अगली बार दूसरे कू बुलाते हम."

"बुलाव. ये डब्बा उसकू भी देना."

आणि पाहता पाहता खनिजाचा पृष्ठभाग चकाकला, वर पाणी आले! डबा छातीशी धरून अक्का शिडीवरून जवळजवळ पळतच कप्तानाकडे गेली. त्याने बोट बुडवून पाहिले आणि दोन्ही हात उंचावले. क्रेनचा भरलेला जबडा हवेतच थांबला. "बघितलंस? अरे अनंता, बघितलंस ना?" शर्यत जिंकलेल्या मुलीसारखी ती वरून ओरडत होती.

ते खनिज उतरवून, पसरून वाळवले. प्रयोगशाळेचा होकार आल्यावर जहाज निघाले. अक्का मात्र मलकपेठेतल्या आपल्या घरी परतल्यावरही अस्वस्थच होती. एके दुपारी पलीकडच्या किनाऱ्यावरून कप्तानाचा फोन आला आणि ती खरकट्या हातानेच उठली. "पोहोचले! सगळे पोहोचले!" तेव्हापासून तिच्या घरून निघणाऱ्या प्रत्येकाने, मग तो माझ्यासारखा जवळच्या विद्यानगरपर्यंत का जाईना, पोहोचल्याचा फोन करायचाच, असा तिचा दंडक झाला.

तेराव्यानंतर आम्ही सारे तिच्या घरून आपापल्या वाटांना लागलो. विद्यानगरला पोहोचून मी चपला काढल्या आणि बोटांनी सवयीने तिचाच नंबर लावला. चूक लक्षात येईपर्यंत माधवने फोन उचललाही होता.

"पोहोचलात ना मामा?" त्याच्या आवाजात हसू होते, की रडू... "बरं, ठेवतो. आईच्या फोनवर मघापासून एकामागून एक सगळे पोहोचतायत."