नाव न घेता केलेली प्रार्थना

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, पाळकांना तर नाहीच. देवाला सांगितलं का, म्हणाल — तर त्याला सांगायला काय लागतं? तो काही आमच्या शनवारा मोहल्ल्यात बोंबलत फिरत नाही. देवापुढे रडणं सोपं, म्हणून आम्ही सगळे तिथंच रडतो.

मी चौथी शिकले. पण प्रार्थना मला चांगली येते — मोठ्यानं, न अडखळता. मंडळीत माझं नाव आहे ते त्यासाठीच. आणि पाप केलं तेही त्या प्रार्थनेनंच.

आमच्या मंडळीत एक मुलगी होती. आई विधवा, शेजारच्या इतवाऱ्यात भाड्याची खोली, दोघी पॉवरलूमवर कामाला. नव्यानं ख्रिस्ती विश्वासात आलेल्या. मुलगी गायला लागली की पेटीवाला आपली पेटी हळू करायचा. माझ्या मुलाला ती आवडली. लग्न करीन तर हिच्याशीच, म्हणाला. मला नको होती. का? आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती, नवरा कागदाच्या मिलमध्ये फोरमन — आणि सून लूमवरची, कालची आलेली? देवापुढे सगळे सारखे, हे रविवारच्या शाळेत पोरांना मीच शिकवत होते. शिकवायला काय जातं?

एकदा नदीवर, राजघाटावर ती दिसली. पायऱ्यांवर एका पुरुषाशेजारी बसून रडत होती. त्याचा हात तिच्या डोक्यावर. तो तिचा सख्खा मामा होता, रावेरचा. तिची आजी गेल्याची बातमी घेऊन आला होता. सकाळी माझ्याच दारात त्यानं भाचीचा पत्ता विचारला होता, मीच त्याला पाणी दिलं होतं. हे नीट ऐका — मला माहीत होतं.

आमच्या बायकांच्या प्रार्थनेत डोळे मिटून एकेकीनं मोठ्यानं बोलायचं असतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "प्रभु, आमच्या एका तरुण बहिणीला घाटावरच्या मोहातून सोडव. तू तिला गोड गळा दिलास, तिची वाट चुकू देऊ नकोस." सगळ्या म्हणाल्या, आमेन. मी नाव घेतलं नाही — केवढी मी भली! भांडणात बोलले असते तर कुणी तरी म्हणालं असतं, पाहिलंस का तू? पण देवाशी बोलणाऱ्या बाईला कोण टोकणार?

चहाच्या वेळी एकीनं विचारलंच, "घाट म्हंजे राजघाट ना, मावशी? कोणासोबत होती?"

"मी काही बोलायची नाही गं," मी म्हटलं. "आपण फक्त प्रार्थना करायची."

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकरी वाटायचा रविवार येईपर्यंत सगळीकडे पसरलं. पाळकांनी मला काही विचारलं नाही, त्या मुलीलाही नाही. भाकरीचं ताट तिच्यापाशी आलं. तिनं हात पुढे केला. पाळक थांबले नाहीत, ताट पुढं नेलं. तिच्या शेजारी मी बसले होते. मी तुकडा घेतला. तिचा हात अजून तसाच उघडा होता. पुरुषांच्या बाजूला माझा मुलगा मान खाली घालून बसला — मीच वाढवलेला, तो दुसरं काय करणार?

मायलेकी परत आल्या नाहीत. मुलाचं लग्न मला पाहिजे तिथं झालं.

ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे आधी जायचं, मिटवायचं, मगच भाकरी घ्यायची, अशी आमची शिकवण. शनवाऱ्याहून इतवारा किती लांब आहे? मी गेले नाही. भाकरी मात्र प्रत्येक वेळी खाल्ली.

आताचे पाळक नवे, तरुण आहेत. कृपेवर छान बोलतात. सगळं धुतलं गेलं, म्हणतात. मला संताप येतो. डाग टाकला तिच्यावर, आणि धुऊन निघाले मी? हा कुठला न्याय? कृपा खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती फुकट मिळते म्हणून मी तिच्याआड चोरासारखी लपून बसले, हे म्हणते.

मध्ये इतवाऱ्यात भाजी घेताना ती भेटली. केस पिकलेत तिचे. तीच आधी बोलली, "जय ख्रिस्त, मावशी! घुटने कसे आहेत आता? एवढ्या धूपमध्ये कशाला निघालात?"

दुसरं कुणी असतं तर तोंडावर थुंकलं असतं. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"बरे आहेत," मी म्हटलं. आणि मेथीचा भाव विचारला. तेव्हाही — मेथीचा भाव.

"आजी, तुमच्या प्रार्थनेत ताकद आहे," पाळक म्हणतात. आहे ना. मला विचारा.

त्या दिवशी नाव घेतलं नव्हतं. आज घेते. विमल. घाटावर तिच्यासोबत तिचा मामा होता. मला माहीत होतं.