जंबूचा काढा

आई दिल्लीला आली तेव्हा तिच्याबरोबर एक बॅग, एक पोथी आणि परत जायचा निश्चय एवढंच सामान होतं. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. चिपळूणच्या घराला कुलूप लावताना तिने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की चातुर्मासापुरती मुलाकडे जाते, कार्तिकी एकादशी झाली की येते. परतीचं तिकीट तिला जूनमध्येच हातात हवं होतं. रेल्वे इतक्या आधी तिकीट देत नाही म्हणून मी वाचलो.

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती पाहुण्यासारखी राहायला लागली. पाहुण्यासारखीच जेवायचीही. अर्धी पोळी, चमचाभर भात, आणि लगेच पोट भरलं. कांदेनवमीला तिने आमच्यासाठी परातभर भजी तळली आणि स्वतः एक खाल्लं. एकेकाळी बाबांशी शर्यत लावून भजी खाणारी ही बाई. मी तिला डॉक्टरकडे नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. रिपोर्ट नॉर्मल आले की करायला काहीच उरत नाही, त्यामुळे माझी काळजी दुप्पट झाली. ही अशीच वाळत गेली आणि मग तिकडे एकटी राहायला गेली, तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं.

वरच्या मजल्यावर कुमाऊंकडच्या एक वहिनी राहतात. एका दुपारी त्यांनी दारातच आईच्या हातात कागदाची भली मोठी पुडी ठेवली. गावाहून आलंय, जंबू म्हणतात, खूप उंचावर बर्फाजवळ उगवतं, पोटाला फार चांगलं, भूक लागते, सर्दी-खोकल्यालाही चालतं, असं एका दमात सांगून त्या पळाल्या, कारण वर त्यांचा कुकर शिट्ट्या मारत होता. घ्यायचं कसं ते सांगायचं राहिलं.

विचारायची गरज आम्हालाही वाटली नाही. आम्हा लोकांना कुणी पुडीत बांधून वाळलेलं काहीही दिलं की आम्ही ते उकळतो. आठ कप पाणी, मंद आच, एक कप उरेपर्यंत. पुडीत हिरवट-तपकिरी काड्या होत्या, गवत कापून उन्हात टाकावं तशा. पाऊण तासात घरभर जो वास सुटला त्याने बाल्कनीतली कबुतरं उठून गेली असतील. मी म्हटलं, आई, हा तर कांद्यासारखा वास येतोय. चातुर्मास चालू होता आणि आईने कांदा-लसूण सोडलेलं होतं. ती शांतपणे म्हणाली की हिंगालाही असाच वास येतो, म्हणून हिंग काय कांदा होतो का? मी सरकारी नोकर आहे. ठाम आवाजात सांगितलेली गोष्ट मला पटते.

काढ्याचे नियम आईनेच ठरवले. संध्याकाळी सात वाजता घ्यायचा. बरोबर केळं आणि दही वर्ज्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या हाताने घेतलेलं औषध लागू पडत नाही, घरातल्या कुणीतरी समोर बसून द्यावं लागतं. बायको गुडगावच्या ऑफिसातून साडेनऊच्या आत येत नाही, म्हणजे घरातला कुणीतरी मीच. तोवर मी साडेसातपर्यंत कार्यालयात बसत असे. काम असायचं असं नाही, पण साहेब बसलेले असताना उठायचं कसं, हा प्रश्न असायचा. आता रोज सहाला मी साहेबांच्या दारात जाऊन आईच्या औषधाची वेळ झाली असं सांगायला लागलो. त्यावर फाइलसारखा शेरा मारता येत नसल्यामुळे ते मान हलवायचे.

सातला मी काढा गाळून द्यायचो. आई नाक दाबून तो घ्यायची आणि देणाऱ्यानेही अर्धा कप घ्यावा लागतो हा नियम तिसऱ्या दिवशी निघाला. तो प्रकार चवीला कसा होता ते मी लिहीत नाही, हे कुणी जेवताना वाचत असेल. तो कडवटपणा जाईपर्यंत आम्ही दोघं बोलत बसायचो. ती बाबांच्या गोष्टी सांगायची, मी साहेबांच्या. पंधरा दिवसांत आई दोन पोळ्यांवर आली. महिन्याभरात तिने भात मागून घेतला, आणि त्या दिवशी मी मोरीत जाऊन डोळे पुसले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग आई वैद्य झाली. आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरात तिचा काढा पोचला. मदुराईच्या बाईंचा खोकला गेला. तो जायचाच होता, पण श्रेय जंबूला मिळालं. पंजाबी आजींचे गुडघे मात्र होते तिथेच राहिले. त्यावर आईचं म्हणणं असं की त्यांनी चोरून दही खाल्लं.

मध्यंतरी तिकीट मिळायला लागलं त्या सकाळी आईने आठवण करून दिली आणि मी ते निमूटपणे काढलं. ती चांगली जेवायला लागली होती. आता कोणत्या तोंडाने थांब म्हणणार?

ऑक्टोबरात पुडी संपली आणि नेमक्या त्याच आठवड्यात वहिनींच्या सासूबाई गावाहून आल्या. आई रव्याचे लाडू घेऊन वर गेली, मला दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन. तिने मला विचारायला लावलं की काढ्यात जंबू किती घालावं, चिमूट की मूठ. म्हातारीने प्रश्न दोनदा सांगायला लावला, मग तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की वहिनींना पाणी आणावं लागलं.

“उबालकर पी गए? तीन महीने?” ती म्हणाली. “अरे बेटा, ये तो छौंक में डालते हैं, घी में, दो-चार तिनके. गहत की दाल में. प्याज का ही तो भाई है.”

वहिनी मध्येच म्हणाल्या की गहत म्हणजे कुलथी, म्हणजे आपले कुळीथ. मी ती संधी साधून आईला सांगितलं की ही कुळथाच्या आमटीला फोडणीत घालायची डोंगरातली एक पालेभाजी आहे.

“प्याज म्हणजे काय ते कळतं मला,” आई म्हणाली.

लाडवांचा रिकामा डबा घेऊन ती माझ्यापुढे भराभर जिना उतरली. बाबा गेल्यानंतरचा पहिला चातुर्मास, आणि तो मी माझ्या हाताने, रोज सातला, आठ कपांचा एक करून मोडला होता. आता ही प्रायश्चित्त म्हणून उद्याच निघते की काय? घरात शिरल्याबरोबर मी तिच्या वतीने खुलासा सादर केला. चूक अनवधानाने झाली, हेतू औषधाचा होता, वस्तू परप्रांतातली होती, नियमभंगाचा उद्देश नव्हता. ज्ञापन लिहावं तसा मुद्देसूद बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अनवधानाने कशाला? पन्नास वर्षं फोडण्या घातल्या मी. पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

मी खुर्चीत बसलो. मग घेत कशाला होतीस, मी विचारलं.

“तू साडेआठला यायचास,” ती म्हणाली. “दिवसभर या चार खोल्यांत मी एकटी. जेवायला बसलं की घास तोंडात फिरायचा. तिकडे हे असायचे समोर. काढा सुरू झाल्यावर तू सातला यायला लागलास, बसायला लागलास. त्या काडीने कुठली भूक लागते? आणि देवाला मी रोज सांगत होते, त्याला घरातलं कळतं.”

आपली आई भुकेने नाही तर एकटेपणाने वाळत होती, आणि मी तिचं रक्त तपासत होतो. फ्रिजवर चुंबकाखाली कार्तिकीनंतरचं तिकीट लावलेलं होतं. त्याचं काय करू, असं मी विचारलं.

आई कणीक भिजवायला उठली होती. परातीत पाणी घालता घालता म्हणाली, “ते उद्यापासून, काढा नसताना, तू किती वाजता येतोस ते बघून सांगते.”