विहिरीच्या पाण्यातली डाळ

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना दगडातला चुना विरघळवून नेतं आणि ते उकळलं की चुना पुन्हा तळाशी बसतो, हे मी बेळगावच्या कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. सुट्टीत संकेश्वरजवळच्या आमच्या घरी आलो, तर डाळ शिजत नाही म्हणून आई वहिनीला घालूनपाडून बोलत होती. माझं डोकं फिरलं. मी विहिरीचं पाणी उकळून निवत ठेवलं आणि वरच्या नितळ पाण्यात वहिनीला डाळ शिजवायला लावली. डाळ लोण्यासारखी मऊ झाली. पातेल्याच्या तळाचा पांढरा गाळ आईनं बोटांनी चोळून पाहिला. मग ती मोकळं हसली.

"म्हंजे माझी सासू जल्मभर मला उगंच बोल लावत हुती व्हय रं?"