इंग्रजीत भासरा नसतो

इंग्रजी बोलायला सदा तयार असलेला आणि बोलायला समोर कोणीच नसलेला असा आमच्या भासऱ्यांसारखा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात दुसरा झाला नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत होती. बोलायचं नाही म्हणजे अजिबात नाही. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि दाराआड उभं राहायचं. त्यांना काही विचारायचं असलं की ते भिंतीकडे पाहून विचारत, "चहा झाला काय म्हणावं?" मग मी दाराची कडी वाजवायची. एकदा वाजली की हौ, दोनदा वाजली की नाही. तेरा-चौदा वर्षं मी त्यांच्याशी कडीनं बोलले. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. पण कडीनं हौ-नाही सांगता येतं, मागता काही येत नाही, आणि मला तर त्यांच्याकडून एक गोष्ट मागायची होती. माझ्या कुसुमला नर्सिंग शिकायला जबलपूरला जायचं होतं आणि घरात शेवटचा शब्द भासऱ्यांचा होता. ती परवानगी मी कशी काढली ते सांगायचं तर आधी त्यांचं इंग्रजी सांगायला हवं.

ते जंगल खात्यात कारकून होते. नागपूर राजधानी होती तोवर सगळा कारभार इंग्रजीत चालायचा आणि भासऱ्यांच्या मसुद्यावर साहेब न वाचता सही करत, असं ते स्वतःच सांगत. छप्पन साली आम्ही भोपाळकडे गेलो, म्हणजे घर तिथंच राहिलं, राज्य बदललं. कचेरीत हळूहळू हिंदी आली आणि यांचं इंग्रजी ट्रंकेतल्या कोटासारखं पडून राहिलं. गंमत अशी की लिहायला एवढा पक्का माणूस, पण इंग्रजीचं एक वाक्य कधी तोंडानं बोललेला नव्हता. हे त्यांना कळलं ते स्टेशनावर. खाणीवर आलेला एक परदेशी साहेब धावत आला आणि जबलपूरची गाडी हीच का म्हणून त्यांना विचारू लागला. भासऱ्यांना प्रश्न समजला. उत्तरही ठाऊक होतं. पण तोंड उघडेना. तेव्हा त्यांनी खिशातलं पोस्टकार्ड काढलं, बाकावर बसले, आणि आपल्या विचारणेच्या संदर्भात नम्रपणे कळवण्यात येते की जबलपूरची गाडी हीच आहे, असं वळणदार अक्षरात लिहून, खाली आपला आज्ञाधारक सेवक म्हणून सही करून कार्ड साहेबाच्या हातात दिलं. तोवर गाडी सुटली होती. उत्तरात मात्र काही चूक नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी वही सुरू केली. लाल पुठ्ठ्याची, कचेरीच्या रजिस्टराएवढी. एकेका पानावर एकेक प्रसंग: स्टेशनावर, पोस्टात, न्हाव्याकडे, डॉक्टरकडे, पाहुणे आल्यावर, परवानगी मागताना. प्रत्येक प्रसंगाला चार-पाच वाक्यं आणि समोर त्यांची उत्तरं. मोठमोठे शब्द त्यांना येत होते, पण ते म्हणत, बोलायचं इंग्रजी म्हणजे रोजचं इंग्रजी, आणि त्यात ते पहिलीच्या पोराएवढेच कच्चे होते. म्हणून नियम केला की वहीत आहे तेवढंच बोलायचं, नाही ते बोलायचं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते "कट माय हेअर शॉर्ट, प्लीज, नॉट टू शॉर्ट" म्हणत. न्हावी हिंदीत हौ बाबूजी म्हणे आणि वीस वर्षं कापत होता तसेच केस कापे. बुधवारच्या बाजारात भाजीवालीला थँक यू म्हणत. तिनं एकदा जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारलं की बाबूजी माझ्यावर रागावले तर नाहीत ना. एकदा त्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरच्या पानावर फक्त डोकेदुखी आणि ताप लिहिलेला होता, म्हणून त्यांनी डॉक्टरला "आय हॅव अ हेडेक" सांगितलं, त्यानं दिलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या तीन दिवस घेतल्या आणि बरेही झाले. असा माणूस.

त्या वहीत एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती. नकार. दुसऱ्या कपाला "नो, थँक यू" होतं, बस. भासऱ्यांचं मत असं की इंग्रजी ही मानाची भाषा आहे, तिच्यात कोणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. खरे इंग्रज कसे वागत ते आमच्या वडिलांनी पाहिलं होतं, पण ते सांगायला मला भासऱ्यांशी बोलता कुठे येत होतं.

वही झाली, पण समोर बोलायला माणूस हवा. आमचे हे पोस्टात ठप्पे मारायचे, भाऊ वही घेऊन येताना दिसला की यांना एकदम परसातलं काम आठवे. जाऊबाई म्हणत, "मले नका सांगू तुमचं गिटपिट, माझी डाळ लागून राह्यली." उरली कुसुम. तिला ते रोज सकाळी समोर बसवत. ती तोंड कसनुसं करून चार वाक्यं म्हणे आणि पळे. दाराआड भाजी चिरत बसलेली मी मात्र कुठे पळणार. मी चौथी पास. इंग्रजीचं अक्षर ओळखत नव्हते, अजूनही ओळखत नाही, पण एकच गोष्ट रोज कानावर पडली तर भिंतही शिकेल. एके सकाळी कुसुम पाणी भरायला गेली ती आलीच नाही, आणि भासरे रिकाम्या पाटाला विचारत बसले, "विल यू टेक टी?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर माझ्यानं राहवेना. मी दाराआडून म्हणाले, "यस, प्लीज."

जाऊबाईंच्या हातातली पळी थेट डाळीत बुडाली. भासऱ्यांनी दाराकडे वळलेली मान परत फिरवली. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "रीत मराठीची आहे. इंग्रजीत भासरा नसतो. इंग्रजीत बोलाले हरकत नाही म्हणावं." आणि लगेच पुढचं वाक्य घेतलं, "थँक यू." मी म्हणाले, "मेन्शन नॉट."

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. पदर नाकापर्यंत, मी दाराआड, आणि बोलणं असं की जणू दोघं विलायतेच्या बागेत बसलो आहोत. "गुड मॉर्निंग." "गुड मॉर्निंग." "हाऊ डू यू डू?" "व्हेरी वेल, थँक यू." मीठ कमी असलं की ते "पास द सॉल्ट, प्लीज" म्हणत, जास्त पडलं की गप्प जेवत, कारण जास्त मिठाचं वाक्य वहीत नव्हतं. शेजारणी येऊन ऐकत बसत. मला वाटे, हसा बायांनो, तुमच्या भासऱ्यांनी तुम्हाला कधी थँक यू म्हटलंय काय?

कुसुमची मॅट्रिक झाली आणि लांजीचं स्थळ आलं. मुलगा बरा होता, त्यात खोट काढायला मला काही सापडलं नाही. पण पोरगी म्हणाली, "आई, मले शिकाचं आहे." नर्सिंगचा फॉर्म तिनं कुठून तरी मागवला होता. त्यावर घरच्या मोठ्या माणसाची सही हवी होती, आणि आमच्या घरात मोठं माणूस एकच. त्या काळी नर्सिंग म्हटलं की लोक नाक मुरडत. परक्या माणसांना हात लावावा लागतो, रात्रपाळी असते, मग तिच्याशी लग्न कोण करेल वगैरे. मी यांना म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, "मी काहून विचारू? दादासमोर मी लहान आहो." हे तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. जाऊबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, मी विचारलं तर ते भिंतीकडेही पाहणार नाहीत. फॉर्म पाठवायला पाच दिवस उरले होते आणि लांजीची माणसं रविवारी सुपारी फोडायला येणार होती.

दोन दिवस मी तांदूळ निवडता निवडता एकच वाक्य घोकलं. परवानगीच्या पानावरचं होतं, मी त्यात फक्त पोरीचं आणि गावाचं नाव घातलं. तिसऱ्या सकाळी चहा दिला, फॉर्म बशीजवळ ठेवला आणि दाराआड जाऊन म्हणाले, "एक्सक्यूज मी. मे कुसुम गो टू जबलपूर, प्लीज?"

भासऱ्यांनी कप खाली ठेवला. या प्रश्नासमोर वहीत एकच उत्तर होतं, "यस, यू मे." ते त्यांना पाठ होतं आणि मलाही. त्यांनी ते म्हटलं नाही. वही उघडली. स्टेशन उलटलं, पोस्ट उलटलं, न्हावी उलटला, डॉक्टर उलटला, शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून आले. "नो," एवढं म्हणाले आणि थांबले, कारण त्याच्यापुढे थँक यू येतं आणि ते इथे बसेना. जाऊबाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "काय मागतलं वं तू?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता? नाही म्हणाची त यांच्या वहीत जागाच नाही."

भासऱ्यांनी वही मिटली, टोपी घातली आणि निघून गेले. फॉर्म बशीजवळ तसाच. दुपारी जेवायला आले नाहीत. दिवाबत्तीला आले, हातपाय धुतले, भिंतीकडे पाहून दौत मागितली आणि बैठकीचं दार लावून घेतलं. मला रडायची सवय नाही, मी उद्याची डाळ भिजत घातली.

सकाळी रिकाम्या कपाखाली दोन कागद होते. एक फॉर्म, सही केलेला. दुसरा इंग्रजीत होता, तो कुसुमनं वाचून अर्थ सांगितला. आपण काल सकाळी तोंडी केलेल्या विनंतीच्या संदर्भात नम्रपणे कळवण्यात येते की कुसुम जाऊ शकते. खाली, आपला आज्ञाधारक सेवक. भासरा धाकट्या भावाच्या बायकोचा आज्ञाधारक सेवक झाल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. आणि यावेळी गाडी सुटली नव्हती.

आदला दिवसभर ते कुठे होते ते मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं. मिळेल त्या बसनं लांजीला गेले होते. त्या लोकांच्या ओसरीवर बसून, पोरीले शिकाचं आहे, आमचा नाद सोडा, असं सांगून आले. इंग्रजीत नकार नव्हता, म्हणून तो त्यांनी मराठीत दिला आणि त्या लोकांच्या शिव्या एकट्यानं खाल्ल्या.

कुसुम निघाली त्या दिवशी वहीत नवं पान होतं, निरोप देताना. पाच वाक्यं, आठवडाभर तिच्याकडून आणि स्वतःकडून घोकून घेतलेली. छोट्या लाइनची गाडी लागली, पोरगी खिडकीत बसली, भासऱ्यांनी वही उघडली आणि चष्मा पुसला. तेवढ्यात शिट्टी झाली. भासरे म्हणाले, "पोहोचली का चिठ्ठी टाकजो. आन पोटभर जेवत जाजो वं पोरी." एवढंच. पाचही वाक्यं वहीत राहिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत हातातली वही हलवत होते.

पुढे रीत आपोआप गेली. कुसुमच्या धाकट्या भावाची बायको, माझी सून, घरात आली ती पहिल्याच दिवशी त्यांच्याशी हिंदीत गप्पा मारत बसली. जाऊबाई गेल्या, हे गेले, घरात म्हातारी अशी आम्ही दोघंच उरलो. सून मला म्हणे, आता काय, बोला की सरळ. मी एकदा दारातून बाहेर येऊन उभी राहिले. पण मराठीत काय बोलावं ते मला सुचेना, त्यांनाही सुचेना. शेवटी ते म्हणाले, "हाऊ डू यू डू?" तेव्हा दोघांना बरं वाटलं.

शेवटच्या आजारपणात कुसुम रजा काढून आली होती. सुई टोचायची तीच, अंग पुसायची तीच. कुठे दुखतं म्हणून विचारलं की ते डॉक्टरचं पान दाखवत आणि ती हसत हसत डोकेदुखी सोडून बाकी सगळं तपासे. एका दुपारी मी पेज भरवली. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला हात आडवा केला. "नो," म्हणाले, आणि दम लागला म्हणून थांबले. मी वाट पाहिली. "थँक यू," म्हणाले. मी म्हणाले, "मेन्शन नॉट."

वही माझ्या पेटीत आहे. मला वाचता येत नाही, पण कुठल्या पानावर काय आहे ते येतं. नातवंडं म्हणतात, आजी, आता मेन्शन नॉट कोणी म्हणत नाही, वेलकम म्हणतात. म्हणोत. मला ज्यांना म्हणायचं होतं त्यांना म्हणून झालं.