गुरुजींचा पूर्वपक्ष

महापालिकेच्या निवडणुकीत मी भर सभेत माझ्याच प्रतिस्पर्ध्याचा प्रचार केला. पूर्ण शुद्धीत, माझ्याच माईकवरून.

ही विद्या रावपुऱ्यातल्या गुरुजींची. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गुरुजी पुढाऱ्यांच्या सभा मैफलीसारख्या ऐकत. मागे सायकलीला टेकून, डोळे मिटून. घरोघर केबल आली तरी हे उन्हात उभे. “आता गहिवरेल,” पुटपुटत, की वक्त्याचा रुमाल बाहेर! “आता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल, मग लोकच उत्तर देतील.” लोक देत. माझ्या अंगावर काटा येई.

खरी करामत मात्र भांडणात. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत नळाला स्वतः लावलेल्या पंपावरून पटेलकाका तापले होते. गुरुजींनी आधी काकांचीच बाजू मांडली, काकांना सात जन्मांत जमली नसती अशी. “एमज! हेच म्हणतो मी!” काका गुजरातीतच विरघळले. मग गुरुजींनी दोन वाक्यांत ती उलटवली, आणि काका स्वतःच जाऊन पंप बंद करून आले.

“समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता येत नसेल, तर ती खोडू नये,” गुरुजी म्हणाले. “आधी पूर्वपक्ष. उत्तर नंतर.”

पुढे मला तिकीट मिळालं. सासरी मान मिळावा, एवढ्यासाठी मला नगरसेवक व्हायचं होतं. समोर जुने नगरसेवक कांतिभाई. सभेत मी त्यांचा पूर्वपक्ष मांडला. रस्ता केला, दवाखाना आणला, कुणाचंही मयत असो, हा माणूस सगळ्यांआधी हजर! टाळ्या पडल्या. मी आणखी रंगलो. आता ‘परंतु’ म्हणणार, तोच मोठे नेते पादरा गावाहून वेळेआधी येऊन थडकले आणि कार्यकर्त्याने माईक काढून घेतला. ‘परंतु’ घशातच राहिला.

गुरुजी सायकलीपाशीच होते. “पूर्वपक्ष उत्तम झाला,” ते गंभीरपणे म्हणाले. “इतका, की आता उत्तर मलाही सुचेना.”

पडलो. आपटलोच. पण गुरुजींनी केलेली ती एकमेव स्तुती मी अजून मिरवतो.

गुरुजी गेले त्याला वर्षं झाली. परवा टीव्हीवर एक पुढारी बोलत होता. “आता गहिवरेल,” मी म्हणालो. गहिवरला. बायकोने चमकून पाहिलं. तेवढ्या भांडवलावर मी विचारलं, “त्या निवडणुकीत तुझं मत तरी मला होतं ना?”

“कांतिभाईंना दिलं,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल चांगलं बोलणारं त्या सभेत कुणी भेटलंच नाही.”